घरटी चार म्हशी

मी एक म्हैस बोलतेय. आमची कातडी जाड, म्हणून आम्हाला काही लागत नाही, असा माणसांचा समज आहे. माराचं म्हणाल तर खरंच फारसं लागत नाही. पण दुसऱ्याचं बरं चाललेलं फार लागतं. निदान मला तरी लागतं. माझ्या आयुष्यात जे काही घडलं, त्यातलं निम्मं या लागण्यापायी घडलं आहे.

माझा जन्म वरच्या अंगाला, माळावरच्या गावात झाला. मुरूम, कुसळं आणि वारा, एवढंच तिथे उदंड. आमच्या धन्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून मीही दादाच म्हणते. दादांची जमीन एवढीशी. शेजारच्याचीही एवढीशी, आणि त्याच्या पलीकडच्याचीही तेवढीच. कुणाच्या दारात एक म्हैस, कुणाच्या दारात दोन. एकाकडे तीन होत्या, तर लोक त्याला गमतीने जहागीरदार म्हणायचे आणि तोही बिचारा लाजायचा.

हेवा करायला तिथे काहीच नव्हतं असं नाही. शेजारी एक शेळी होती. ती सरळ स्वयंपाकघरात जायची, पिठाच्या डब्याला तोंड लावायची, तरी लोक हसायचे. मी दारातून नुसतं नाक आत घातलं की घरभर आरडाओरडा. त्या शेळीवर मी चांगली वर्षभर जळले. पण ते जळणं पोरकट होतं. संध्याकाळी आम्ही सगळ्या एकाच तळ्यात, एकाच गाळात बसायचो. बाहेर आल्यावर कोण कुणाची, हे मालकांनाही चटकन ओळखू यायचं नाही.

मला लहानाचं मोठं केलं ते वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने. स्वभावाने तिखट, पण हाताने मऊ. त्यांना एकच दुखणं होतं, ते म्हणजे नणंद. दादांची धाकटी बहीण. लहानपणी आजीबाईसारखं बोलायची, म्हणून तिला सगळे माई म्हणत. माईला खालच्या अंगाला दिलं होतं, पाटाच्या पाण्याखालच्या गावात. 'खाली' हा शब्द उच्चारताना माळावरच्या माणसांचा आवाजच बदलायचा. खाली बारमाही पाणी, खाली हिरवंगार, खाली सगळी मजा. जो खाली गेला तो सुटला, असं समजून लोक मोकळे व्हायचे.

माई वर्षातून एकदा यायची. वहिनी तिला पाणी देता देता म्हणायच्या, "तुमचं काय वन्सं, दाराशी पाट. आम्ही आपले आभाळाकडे बघून माना दुखवून घेतो."

माई हसायची. "पाणी तुमच्या विहिरीचंच गोड लागतं, वहिनी," म्हणायची आणि विषय बदलायची.

वडील गेले तेव्हा माईने जमिनीतला वाटा मागितला नाही. वाटून दोघांच्याही हाती ढेकळंच आली असती. दादांना ते मनातून लागलं. ते म्हणाले, "निदान एक म्हैस तरी ने." आणि नेमकं माझ्याकडे बोट केलं. मी तेव्हा पहिलटकरीण, गाभण होते.

वहिनी आत भांडी आदळत म्हणाल्या, "त्यांच्याकडे काय कमी आहे म्हणून आपली म्हैस न्यायची?"

"बहीण आहे ती," दादा म्हणाले.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मी आतून हुरळले होते. शेळीने बसावं स्वयंपाकघरात. मी चालले होते खाली.

टेम्पोतून उतरणीला लागलो तसा वारा ओलसर झाला. दोन्ही बाजूंना मका, केळी, ऊस. मला हिरव्या रंगाची चक्कर आली. गावाच्या तोंडाशी एक मोठं लोखंडी फाटक दिसलं. आत बंगला, बंगल्याला लागून लांबच लांब गोठा, वर गरगर फिरणारे पंखे, आणि म्हशींच्या अंगावर बारीक पाण्याचा फवारा. मी पुढचे पाय सावरून उतरायच्या तयारीत उभी राहिले.

टेम्पो थांबला नाही. फाटकावरून पुढे गेला, वळला आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला दोन खोल्यांच्या घरापुढे उभा राहिला. पत्र्याचं छप्पर, त्याखाली एक खुंटा. माई म्हणाली, "उतर बाई. आलं घर."

खालच्या गावाचं गणित मला हळूहळू कळलं. पाट ज्याच्या शेतावरून आधी जातो, तो आधी पितो. तिथे होता बागायतदार. फाटक, बंगला आणि साठ म्हशी त्याच्याच. पाट पुढे गावाला वळसा घालून जायचा आणि अगदी शेपटाला माईचं शेत होतं. तिथवर पाणी पोचेपर्यंत त्याची धार करंगळीएवढी व्हायची, आणि कधी कधी नुसता ओला वास यायचा. माईचा नवरा ते शेत सांभाळून बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. गावातली बरीचशी घरं अशीच होती. स्वतःचं थोडं आणि बागायतदाराचं बाकीचं.

माझा खुंटा असा होता की उभी राहिले की समोर थेट तो गोठा. हेवा म्हणजे काय, ते मला त्या खुंट्यावर कळलं. सकाळी उठून बघावं तर तिकडे खाली रबराच्या गाद्या, गव्हाणीत कापलेला हिरवा मका, वर पेंडीचा ढीग. ओळीत पहिल्या जागेवर एक काळीभोर म्हैस होती, शिंगं अशी वळलेली की जणू कुणी वेणी घालून दिली आहे. मी तिचं नाव पट्टराणी ठेवलं. ती दिवसभर पंख्याखाली डोळे मिटून रवंथ करायची. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिने. मी मात्र तिच्या प्रत्येक घासाला इकडे जबडा हलवायची.

माझ्या जोडीला माई होती. धार काढताना तिची मान आपोआप तिकडे वळायची. आम्ही दोघी एकाच दिशेला तोंड करून जळायचो. पण तिचा हात मात्र कधी चुकला नाही. पहिला रेडा झाला, तो मोठा होऊन एका गाडीवानाकडे गेला. दुसऱ्या वेताचं पारडू जगलं नाही. पारडू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. पण माई माझ्या पोटाला डोकं टेकवून काहीबाही पुटपुटत बसायची, आणि मी सोडायची.

"त्यांच्या म्हशींना पंखे आहेत," ती एकदा नवऱ्याला म्हणाली.

"ते काय आपल्या विजेवर चालतात?"

"वीज त्यांची असेल. पाणी तर आपल्या वाट्याचं आहे ना?"

त्यावर तो म्हणाला, "एकदा तुझ्या वहिनींना खरं काय ते सांगून टाक. दर वेळी उसनं हसू घेऊन वर जातेस."

"काय सांगू? वर सगळ्यांना वाटतं, आपल्यातली एक तरी सुखात आहे. त्यांचं तेवढं कशाला घालवू?"

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्याकाठचं गायरान गेलं. तिथेच आम्हा गरिबांच्या म्हशी चरायच्या, डुंबायच्या. एक दिवस गेलो तर खांब रोवलेले आणि तारा ओढलेल्या. जागा बागायतदाराने केळीसाठी कराराने घेतली, असं कळलं. कुणाकडून घेतली, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. माई बांधाबांधाने विळा घेऊन फिरू लागली. जिथे वाके तिथून तिला कुणीतरी उठवे, कारण बांधावरचं गवतही आता प्रत्येकाला हवं होतं. माझ्या बरगड्या दिसायला लागल्या. गावातल्या म्हशी एकेक करून विकल्या गेल्या. घेणारा एकच होता.

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, अशी म्हण आहे. माझा सौदा तर कोरड्या जागी, माझ्या तोंडावर झाला. बागायतदार माणूस वाईट नव्हता. शांतपणे बोलायचा, कुणाला अरेतुरे करत नसे. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "माळावरची जात दिसते. लहानखुरी आहे. पण चिवट असतात या."

माईने सांगितलेली किंमत त्याने मान्य केली. घासाघीस केली नाही, हेच माईला जास्त लागलं असावं. दावं त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "हिला डाव्या बाजूने बसलेलं चालत नाही."

"यंत्राने काढतो आम्ही," तो म्हणाला.

आणि मी निघाले. खरं तर मीच पुढे आणि तो मागे. रस्ता ओलांडला, फाटकातून आत शिरले, पंख्याचा वारा अंगाला लागला. मागे वळून बघायचं माझ्या लक्षातच आलं नाही. माई त्या खुंट्यापाशी किती वेळ उभी होती, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळलं.

आता तुम्हाला वाटेल, म्हशीला स्वर्ग मिळाला. मलाही वाटलं होतं. पण गोठ्यालाही आपला एक पाट असतो. वैरणीची गाडी पट्टराणीपासून सुटायची. जी जास्त दूध देते तिला जास्त पेंड, असा तिथला कायदा. मी नवी, लहानखुरी, म्हणून ओळीच्या अगदी शेवटी. माझ्यापर्यंत गाडी यायची तेव्हा तळाचा चुरा उरलेला असायचा. कमी पेंड म्हणून कमी दूध, आणि कमी दूध म्हणून कमी पेंड. पंख्याचा वाराही शेवटच्या खांबाअलीकडेच संपायचा.

पूर्वी मी रस्त्यापलीकडून जळायची. आता एकाच छपराखाली उभी राहून जळू लागले, आणि जवळून जळणं फार वाईट. लांबून निदान वास येत नाही.

मी पान्हा चोरला. यंत्र लावलं की अंग आखडून घ्यायची. गोठ्यातल्या माणसांनी गोंजारलं, ओरडून पाहिलं, औषध टोचलं. शेवटी ढोरांचा डॉक्टर आला. त्याने मला नीट पाहिलं आणि म्हणाला, "आजार काही नाही. हिला सवयीचा हात पाहिजे. आधी कोण काढायचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे माई आली. हात धुतले, उजव्या बाजूला उकिडवी बसली, आणि लगेच धार काढायला घेतली नाही. म्हणाली, "जाताना एकदा वळून नाही बघितलंस. तासभर उभी होते मी तिथे येड्यासारखी. आता कशाला लागते मी तुला?"

मग तिने पोटाला डोकं टेकवलं. मी पान्हा भरभरून सोडला.

मायेने सोडला, असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल. माया होतीच. पण त्याच वेळी मी मान वळवून पाहिलं, तर पट्टराणी माझ्याकडे बघत होती. तिच्यासाठी बाहेरून कधीच कुणी आलं नव्हतं. तिची रवंथ थांबली होती. त्या दिवशी बादली काठोकाठ भरली.

बागायतदाराने माईला कामावर ठेवलं. माझ्यासारख्या गावातून घेतलेल्या, हाताला सवकलेल्या चारपाच म्हशी होत्या. त्यांची धार माईकडे. रोजची मजुरी आणि जाताना गव्हाणीतली उरलेली वैरण, एक भारा. घरी खाणारं जनावर नव्हतं, म्हणून तो ती शेळीवाल्यांना विकायची. म्हैस विकून माई म्हशीमागोमाग आली, असं गावात हसून बोललं गेलं. माईही हसली. फक्त नवऱ्याला बजावलं, "हे वर कळता कामा नये."

त्या हिवाळ्यात एक पाहणीवाला आला, घरोघरची गुरं मोजायला. गोठ्यात येऊन त्याने आम्हाला मोजलं, बागायतदाराने दिलेला चहा घेतला, बोटांवर आकडेमोड केली आणि खूश होऊन म्हणाला, "तुमचं गाव पुढारलेलं आहे. वरच्या माळावर घरटी जेमतेम दीड म्हैस पडते. तुमच्याकडे घरटी चार."

माई माझ्यापाशी बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "घरटी चार म्हणजे मला पण चार?"

"हिशेबाने, हो."

"मग माझ्या चार कुणाकडे बांधल्यात, तेवढं विचारून सांगता का?"

पाहणीवाला मोठ्याने हसला. बागायतदारही हसला, पण जरा उशिरा.

मग एके दिवशी दादा आणि वहिनी न कळवता आले. दादा माईच्या लग्नानंतर एकदाच खाली आले होते. तेव्हा पाट नुकताच आला होता आणि आता सगळ्यांचंच बरं होणार, असं सगळ्यांना वाटत होतं. वहिनी तर कधीच आल्या नव्हत्या. गुरं कुणावर टाकून येणार? या वेळी शेजाऱ्याने सांभाळायचं कबूल केलं, म्हणून डोक्यावर धान्याचं गाठोडं घेऊन आल्या. गावाच्या तोंडाशीच त्यांनी माईची चौकशी केली. कुणीतरी बोट दाखवलं, की माई गोठ्यावर असेल.

वहिनी फाटकातून आत आल्या. पंखे पाहिले, फवारे पाहिले, म्हशींची ओळ पाहिली आणि ओळीमधून बादली घेऊन येणारी माई पाहिली. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग काळवंडला. दोन्ही मी पाहिलं. ते काळवंडणं मी कुठेही ओळखलं असतं, माझ्याच जातीचं होतं.

"कधी बोलला नाहीत वन्सं," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं केलंत, आणि आम्हाला कळूसुद्धा दिलं नाहीत."

दादा शेवटच्या खांबापर्यंत चालत आले आणि मला ओळखून माझ्या शिंगावर हात ठेवून उभे राहिले. माईला वाटलं असतं तर तिने तेव्हाही वेळ निभावून नेली असती. "चला, आधी चहा घेऊ," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कचेरीच्या खिडकीतून बागायतदाराचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत.

"माई, शेवटच्या दोघींची धार राहिली आहे का अजून? दुधाची गाडी थांबली आहे."

"काढते, मालक," माई म्हणाली.

माई माझ्यापाशी येऊन बसली. वहिनींनी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला, आणि माझ्या शेजारच्या म्हशीखाली जाऊन बसल्या. "ही राहिली आहे ना?" एवढंच विचारलं. दोन बादल्यांत दोन धारा वाजू लागल्या. दादा पाठ करून रस्त्याकडे बघत राहिले.

धार काढता काढता वहिनी म्हणाल्या, "मी इतकी वर्षं तुमच्यावर जळत होते."

"माहीत होतं मला," माई म्हणाली. "बरं वाटायचं. आपल्यावर जळणारं कुणीतरी आहे म्हणजे आपलं बरं चाललं असेल, असं दोन दिवस मलाच वाटायचं."

वहिनींना हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं. "आमच्याकडे गरिबी आहे, वन्सं. पण ती सगळ्यांना पुरते. तुमच्याकडे कशी ती नेमकी वेचून काही घरांतच दिली आहे."

"वर चल," दादा न वळता म्हणाले. "दोघंही चला."

"वर येऊन काय खायचं, दादा? तुझ्या विहिरीत तुमच्यापुरतंच पाणी आहे. इथे निदान मजुरी आहे आणि विकायला हिच्या गव्हाणीतला भारा मिळतो." माई उठली, बादली उचलली. "फक्त आता वर येताना उसनं हसू आणायला नको. तेवढं ओझं गेलं."

ती गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी असते. पण पावसाळ्यानंतर माळावरून पुन्हा टेम्पो आला. फाटकावरून पुढे गेला, वळला. पत्र्याच्या छपराखाली एक कोवळी वगार उतरली. ती माझ्याच आईची धाकटी लेक, म्हणजे माझी सख्खी बहीण. वहिनींनी स्वतःहून पाठवली होती. सोबत निरोप होता, "हिच्यात कुणाचा वाटा नाही. वन्संनी ठेवून घ्यावी."

आता ती माझ्या जुन्या खुंट्यावर आहे. इथून स्वच्छ दिसते. माई तिला रोज घासूनपुसून काढते. माईचा नवरा, ज्याने मला कधी नावाने हाक मारली नाही, तो तिच्याशी गप्पा मारतो. तिला पंखा नाही, गादी नाही. तरी ती अशी उभी असते, की जणू अख्खा रस्ता तिचा आहे. आणि खाते काय? मजुरीतला भारा. म्हणजे माझ्या गव्हाणीतलं उरलेलं.

म्हणून मी आता काही उरवत नाही. शेवटच्या काडीपर्यंत चाटून पुसून खाते. पोट फुगतं, तरी खाते. डॉक्टर म्हणाला, "ही आता अंगाने भरली, दूधही वाढलं, हिची जागा पुढे घ्या." मला चार जागा पुढे सरकवलं. पेंड वाढली, वारा लागायला लागला, पट्टराणी जवळ आली. जे जे मागितलं ते मिळालं. पण माझी मान ओळीकडे वळतच नाही. ती रस्त्यापलीकडे वळते.

काल माई रिकामी गव्हाण बघून क्षणभर थांबली. माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असणार, ती काही भोळी नाही. शेजारच्या गव्हाणीतून थोडं, पलीकडच्या गव्हाणीतून थोडं, असं करत तिने भारा बांधला आणि माझ्यापाशी येऊन बसली.

तिच्या हाताला आता दुसरीचा वास येतो. मला पान्हा चोरता आला असता. नाही चोरला. तिची मजुरी माझ्या दुधावर आहे, आणि एवढं मला कळतं.

तुम्ही त्या रस्त्याने कधी गेलात, तर साठ म्हशींचा गोठा बघायला थांबू नका. बघणारे पुष्कळ येतात. समोरच्या पत्र्याच्या घरी जा आणि माईला माझा एवढा निरोप द्या. पहाटे उठून ती आधी तिला गोंजारते, मग हात धुऊन माझ्याकडे येते. रोज नको. मी तेवढी हावरी नाही. पण एखाद्या पहाटे आधी माझ्याकडे ये म्हणावं.